उपग्रहास काय दिसतें आणि काय दिसत नाहीं?

मनुष्याच्या डोळ्यास जें दिसत नाहीं तें उपग्रहास दिसतें, असें म्हणण्याचा प्रघात आजकाल फार पडला आहे, आणि तें म्हणणें खोटें आहे असेंहि नाहीं. परंतु मनुष्याच्या डोळ्यास जें सहज दिसतें तें पुष्कळदां उपग्रहास मुळींच दिसत नाहीं, हें सांगणारा मात्र क्वचित् भेटतो. आमच्या घरीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें हा दुसरा पाठ आम्हांस शिकविला. त्या निमित्तानें जें वाचन व जी चौकशी घडली तिचें सार वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गांवाकडील आमची जमीन आमचे पुतणे पाहतात. एका फाल्गुनांत तेथें बारा गुंठे कांदा उभा होता. भोंवतालच्या रानांतील ज्वारी निघून गेली होती व तीं रानें रिकामीं पडलीं होतीं. एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं वीस मिनिटें गारांचा मारा झाला आणि कांद्याची पात जमिनीवर लोळली. भरपाईसाठीं अर्ज केला. कांहीं दिवसांनीं संबंधित कचेरींतून उत्तर आलें कीं, उपग्रहाच्या चित्रांत पिकाचें नुकसान आढळून येत नाहीं.

या उत्तरानें घरांत दोन पक्ष झाले. तरुण मंडळी म्हणूं लागली, “आजोबा, उपग्रह कशाला खोटें बोलेल? त्याला ना आपला लोभ, ना कोणाचा द्वेष.” आमचे वडील बंधु ऐंशीच्या पुढें गेलेले, ते गारपिटीच्या दिवशीं गांवींच होते. ते म्हणाले, “मोडलेली पात मी हातांत धरून पाहिली. मग खोटें कोण बोलतो, मी कीं माझा हात?” आम्हीं पुष्कळ विचार केला, तेव्हां ध्यानांत आलें कीं, दोन्ही पक्ष खरें बोलत होते. उपग्रह खोटें बोलला नव्हता. त्याच्या मौनाचा अर्थ लावणारा चुकला होता.

येथें विद्यार्थिदशेंत शिकलेला एक पाठ आठवला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत, वस्तु असूनहि ती प्रत्यक्षास कां येत नाहीं याचीं आठ कारणें सांगितलीं आहेत. वस्तु फार दूर असणें, फार जवळ असणें, इंद्रियांत बिघाड असणें, चित्त ठिकाणावर नसणें, वस्तु अति सूक्ष्म असणें, मध्यें आडोसा असणें, दुसऱ्या प्रखर वस्तूनें ती झांकोळली जाणें आणि आपल्यासारख्याच वस्तूंत ती मिसळून जाणें, हीं तीं आठ. टीकाकारांचीं उदाहरणेंहि मोठीं सुबोध आहेत. डोळ्यांतलें काजळ ज्याचें त्यास दिसत नाहीं. भिंतीपलीकडचा घट दिसत नाहीं. सूर्यप्रकाशांत तारे दिसत नाहींत. आणि ढगांतून तळ्यांत पडलेला थेंब पुन्हां निवडून काढतां येत नाहीं. ज्या काळीं हीं कारणें लिहिलीं गेलीं त्या काळीं उपग्रह कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. तथापि उपग्रहाच्या दृष्टीचा हिशेब मांडावयास हीं आठ कारणें आजहि चांगलीं उपयोगीं पडतात.

प्रथम या दृष्टीचा इतिहास थोडक्यांत सांगतों. वस्तूस स्पर्श न करितां, तिच्यापासून येणाऱ्या किरणांवरून तिची माहिती मिळविण्याच्या विद्येस दूरसंवेदन असें नांव आहे. दि. २४ ऑक्टोबर १९४६ रोजीं अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांतून सोडलेल्या एका व्ही-२ जातीच्या अग्निबाणांत साधा चित्रपटाचा कॅमेरा बसविला होता. त्यानें सुमारें १०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचीं चित्रें घेतलीं; अवकाशांतून घेतलेलीं हीं पहिलीं चित्रें होत. इ.स. १९६० च्या १ एप्रिल रोजीं टायरॉस-१ हा हवामानाचा उपग्रह वर गेला. शेतें, रानें व नद्या पाहण्यासाठीं मुद्दाम बांधलेला लँडसॅट-१ हा उपग्रह अमेरिकेनें २३ जुलै १९७२ रोजीं सोडला. आपल्या देशाचा भास्कर-१ हा ७ जून १९७९ रोजीं व आय.आर.एस.-१ए हा १७ मार्च १९८८ रोजीं, दोन्ही तत्कालीन सोव्हिएट रशियाच्या भूमीवरून वर गेले. पुढें मात्र असले उपग्रहहि श्रीहरिकोट्याहून आपल्या अग्निबाणांनीं आपणच सोडूं लागलों.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. उपग्रहाचें चित्र दिसावयास सलग दिसलें तरी वस्तुतः तें लहान लहान चौकटींचें बनलेलें असतें. या चौकटीस पिक्सेल म्हणतात. विणकामाच्या कागदावर चौकोन भरून ज्याप्रमाणें मोर उठवितात, त्याप्रमाणेंच हें आहे. जमिनीवरील जेवढा चौरस तुकडा एका चौकटींत मावतो तेवढ्या सर्व तुकड्याचा मिळून, प्रत्येक रंगासाठीं एकच आंकडा उपग्रह नोंदवितो. त्या तुकड्यांत विहीर आहे, बांध आहे, बाभूळ आहे कीं कांदा आहे, हें निरनिराळें सांगण्याची सोय त्या एका आंकड्यांत नसते. चौकट जितकी लहान तितकें चित्र बारीक. या गुणास स्थानिक विभेदनक्षमता म्हणतात. सांख्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर चौकटीहून लहान वस्तु ही त्या उपग्रहापुरती सूक्ष्म वस्तु होय.

चौकटींचीं मापें मीटरांत सांगितलीं म्हणजे आमच्यासारख्यांच्या मनांत भरत नाहींत. म्हणून आम्हीं तीं गुंठ्यांत मांडून पाहिलीं. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा, म्हणजेच जवळजवळ दहा मीटर चौरस. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची सर्वांत बारीक चौकट बरोबर १० मीटरांची आहे. म्हणजे त्यांची एक चौकट ती आपला एक गुंठा. लँडसॅट-१ ची चौकट सुमारें ८० मीटरांची होती. ती ६३ गुंठ्यांची, म्हणजे दीड एकराहून मोठी झाली. आमच्या आय.आर.एस.-१ए च्या एका कॅमेऱ्याची ७२.५ मीटरांची, म्हणजे ५२ गुंठ्यांची, व दुसऱ्याची सुमारें ३६ मीटरांची, म्हणजे १३ गुंठ्यांची होती. हल्लींच्या लँडसॅटची ३० मीटरांची रंगीत चौकट नऊ गुंठे व्यापते. इ.स. २०११ सालीं सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ या आपल्या उपग्रहावर तीन कॅमेरे बसविलेले आहेत. त्यांच्या चौकटी ५६ मीटर, २३.५ मीटर व ५.८ मीटर, म्हणजे अनुक्रमें ३१ गुंठे, साडेपांच गुंठे व गुंठ्याचा तिसरा हिस्सा, अशा आहेत. आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजीं सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची चौकट तर पाव मीटर, म्हणजे आपली एक वीत! त्याच्या चित्रांत एका गुंठ्यांत सोळाशें चौकटी मावतात.

हें ऐकून घरांतील एका मुलानें विचारलें, “मग सगळेच उपग्रह वितीची चौकट कां घेत नाहींत?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरांतच या विद्येचें मर्म आहे.

पहिली अडचण अंतराची. प्रकाश हा लाटांचा बनलेला असल्यामुळें कोणत्याहि दुर्बिणीस अमुक मर्यादेपलीकडे दोन बिंदु वेगळे करून दाखवितां येत नाहींत. ही मर्यादा इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं एकोणिसाव्या शतकांत सूत्रबद्ध केली. आरसा मोठा असेल तर बारीक दिसतें; अंतर वाढलें तर जाडें दिसूं लागतें. कार्टोसॅट-३ च्या दुर्बिणीचा आरसा १.२ मीटर व्यासाचा असून तो ५०९ किलोमीटर उंचीवरून फिरतो. हे आंकडे रॅले यांच्या सूत्रांत घालून पाहिले तर उत्तर पाव मीटरच्या आसपासच येतें. म्हणजे कारागिरांनीं निसर्गनियमाच्या अगदीं कांठापर्यंत मजल मारली आहे. हवामानाचे इन्सॅट उपग्रह ३६,००० किलोमीटरांवर असतात. तेथें तोच आरसा नेला तर अठरा मीटरांहून बारीक कांहीं दिसणार नाहीं. तेथून वितीएवढें पाहावयाचें तर सुमारें ८८ मीटर व्यासाचा आरसा लागेल. अतिदूरत्वाचा दोष तो हाच.

दुसरी अडचण प्रकाशाची. पांचशें किलोमीटर उंचीवरील उपग्रहाखालून जमीन सेकंदास सुमारें सात किलोमीटर या वेगानें सरकते. एक वीत जमीन ओलांडावयास त्यास सेकंदाचा अठ्ठावीस हजारावा भाग पुरतो. एवढ्या अवधींत एवढ्याशा तुकड्यावरून येणारा प्रकाश तो किती! त्याचे पुन्हां तांबडा, हिरवा असे वाटे केले तर प्रत्येकाच्या वांट्यास अगदींच थोडा येतो. म्हणून सर्वांत बारीक चित्र बहुधा सर्व रंग एकत्र घेऊन काळें-पांढरें काढावें लागतें, आणि रंगीत चित्राची चौकट त्याहून मोठी ठेवावी लागते.

तिसरी अडचण पट्ट्याची. बारीक पाहणारा उपग्रह अरुंद पाहतो. कार्टोसॅट-३ एका फेरींत सुमारें १६ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. रिसोर्ससॅट-२ चा ५६ मीटर चौकटीचा कॅमेरा ७४० किलोमीटर रुंदीचा. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारें ८०० किलोमीटर आहे. म्हणजे दुसरा कॅमेरा जवळजवळ सर्व महाराष्ट्र एका फेरींत पाहून जातो, व पांच दिवसांनीं पुन्हां येतो. पहिल्यास त्याच कामीं पन्नास पट्टे जोडावे लागतील. शिवाय चौकट दहापट बारीक केली कीं आंकडे शंभरपट होतात. ते साठवावयाचे व खालीं पाठवावयाचे हा व्याप निराळाच. सुईंत दोरा ओवणारा मनुष्य त्याच क्षणीं सर्व अंगणावर लक्ष ठेवूं शकत नाहीं, तसेंच हें आहे.

यावरून कोणी समजेल कीं, बारीक चौकट हाच एक गुण व बाकी सर्व तडजोड. तसें नाहीं. इ.स. २०२० च्या मे-जून महिन्यांत, एकाच पंधरवड्यांत, महाराष्ट्रास या गोष्टीचे दोन उत्तम धडे मिळाले.

पहिला धडा चक्रीवादळाचा. दि. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. त्या वेळीं त्यावर नजर ठेवणाऱ्या साधनांत इन्सॅट उपग्रहांची चित्रें प्रमुख होतीं. त्यांची चौकट दृश्य प्रकाशांत एक किलोमीटरची, म्हणजे सुमारें २४७ एकरांची. अवरक्त किरणांत चार किलोमीटरांची. अशा चौकटींत अख्खें गांव एका ठिपक्यांत बुडून जातें. परंतु हे उपग्रह पृथ्वीच्या गतीशीं गति जुळवून एकाच जागीं स्थिर राहतात, व दर अर्ध्या तासानें नवें चित्र देतात. वादळाचा डोळा कोणीकडे सरकतो हें जाणावयास तेंच पाहिजे होतें. दहा दिवसांनीं एकदां मिळणारें वितीच्या चौकटीचें चित्र किनाऱ्यावरील लोकांस घर सोडण्याची सूचना देण्याच्या कामीं काडीचेंहि उपयोगीं पडलें नसतें.

दुसरा धडा लोणार सरोवराचा. बुलढाणा जिल्ह्यांतील हें विवर अशनिपातानें काळ्या पाषाणांत झालेलें असून त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर व आंतील सरोवराचा सुमारें १.२ किलोमीटर आहे. लँडसॅट-८ यानें २५ मे २०२० रोजीं घेतलेल्या चित्रांत हें पाणी हिरवट दिसतें. १० जूनच्या चित्रांत तेंच गुलाबी झालेलें दिसतें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून, मिठाच्या पाण्यांत वाढणाऱ्या हॅलोआर्किया नांवाच्या सूक्ष्म जीवांमुळें हा रंग आल्याचें सांगितलें. आतां पाहा. लँडसॅटच्या चौकटीनें सरोवराच्या व्यासांत अवघ्या चाळीस चौकटी येतात. कार्टोसॅट-३ च्या चौकटीनें ४,८०० येतील. परंतु कार्टोसॅटचें तें वितीचें चित्र काळें-पांढरें असतें; कांठावरचें एकेक झुडूप त्यांत दिसलें असतें, पण पाणी गुलाबी झालें ही मुख्य वार्ता त्यानें सांगितली नसती. आणि लँडसॅटच्या दोन चित्रांत सोळा दिवसांचें अंतर आहे, तो त्याच्या फेरीचा नियमच. म्हणून रंग नक्की कोणत्या दिवशीं पालटला हें लँडसॅटहि सांगूं शकत नाहीं. एकास सूक्ष्मता आहे तर रंग नाहीं. दुसऱ्यास रंग आहे तर दिवस नाहीं!

म्हणून शास्त्रज्ञ विभेदनक्षमता एक न मानतां चार मानतात: स्थानाची, रंगाची, छटेची व काळाची. स्थानाची आपण पाहिली. रंगाच्या बाबतींत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिरव्या पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतें. परंतु तांबड्याच्या पलीकडील, आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण निरोगी पान फार मोठ्या प्रमाणांत परत फेकतें. पान रोगट झालें कीं हें फेकणें कमी होतें, आणि पुष्कळदां डोळ्यास पिवळेपणा दिसण्याच्या आधीं कमी होतें. इ.स. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांनीं केरळांतील नारळीच्या मुळांस लागणाऱ्या रोगाचा शोध हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रें घेऊन केला. भारतांतील दूरसंवेदनाचा पाया या प्रयोगानें घातला गेला असें मानितात. हे पिशारोटी सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांच्या हाताखालीं तयार झालेले, व पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. आज कोणताहि पिकें पाहणारा उपग्रह हाच तांबडा व अवरक्त यांचा हिशेब करितो. सेंटिनेल-२ तर एकूण तेरा रंगपट्टे वेगळे पाहतो.

छटेची क्षमता म्हणजे अगदीं काळ्यापासून अगदीं पांढऱ्यापर्यंत किती पायऱ्या ओळखतां येतात ती. लँडसॅट-१ अशा ६४ पायऱ्या ओळखीत असे. लँडसॅट-८ हा ४,०९६ आणि २०२१ सालीं सोडलेला लँडसॅट-९ हा १६,३८४ ओळखतो. गढूळ पाणी व त्याहून किंचित् अधिक गढूळ पाणी यांतील भेद यामुळें कळतो. चौकट तीच राहूनहि चित्र अधिक बोलकें होतें.

काळाची गोष्ट मात्र सर्वांत अधिक विसरली जाते. पिकें पाहणारे बहुतेक उपग्रह सकाळीं दहा-साडेदहाच्या सुमारास, म्हणजे शाळेची घंटा होण्याच्या वेळीं, डोक्यावरून जातात. रोजच्या चित्रांत उन्हाचा कल सारखा राहावा म्हणून ही वेळ ठरलेली असते. तिसऱ्या प्रहरीं जें घडलें तें त्यांस दुसऱ्या खेपेसच दिसणार, आणि ती खेप पांच, सोळा किंवा चोवीस दिवसांनीं येणार. आमच्या नातवानें एकदां फोनवरील नकाशांत गांवच्या वाड्याचें चित्र मोठ्या उत्साहानें दाखविलें. घरांतील बायकामंडळी भोंवतीं जमली. तेव्हां आमच्या वहिनी म्हणाल्या, “अगबाई, आपली चिंच उभी आहे कीं!” ती चिंच त्याच्या तीन वर्षें आधीं वादळांत पडली होती. असे नकाशे निरनिराळ्या तारखांचीं चित्रें जोडून केलेले असतात. आपण मात्र तें आजचें दृश्य समजून पाहतों.

शिवाय आडोसा आहेच. आषाढ-श्रावणांत, पीक पाहण्याची गरज सर्वांत अधिक असते तेव्हां, आभाळ भरलेलें असतें, आणि साध्या कॅमेऱ्यास ढगांवांचून कांहीं दिसत नाहीं. यावर उपाय रडारचा. रडार सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाहीं. स्वतःच लाटा सोडून त्यांचा पडसाद ऐकतें. भारत व अमेरिका यांनीं मिळून बांधलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. त्याच्या लाटा सुमारें २४ व सुमारें ९ सेंटिमीटर लांबीच्या असल्यामुळें ढगांतील बारीक तुषारांतून त्या विनासायास पार होतात. दर बारा दिवसांनीं तो त्याच मार्गावरून पुन्हां जातो. परंतु रडारला रंग कळत नाहींत. त्यास जमिनीचा खडबडीतपणा, ओलावा व हालचाल कळते. लोणारचा गुलाबीपणा त्यानें पाहिला नसता.

बाकीचे दोष दोन-दोन शब्दांत सांगतों. इंद्रियाच्या बिघाडाचें उदाहरण लँडसॅट-७ चें. दि. ३१ मे २००३ रोजीं त्याच्या कॅमेऱ्याचा एक भाग बंद पडला, आणि तेव्हांपासून त्याच्या प्रत्येक चित्रांत काळे पट्टे येऊन सुमारें बावीस टक्के भाग रिकामा राहूं लागला. झांकोळण्याचें उदाहरण पाण्यावरील तिरीप. सूर्याचें प्रतिबिंब थेट कॅमेऱ्यांत शिरलें म्हणजे तेथील पाण्याचा रंग नाहींसा होतो. चित्त ठिकाणावर नसण्याचा दोष यंत्रास लागत नाहीं; तो चित्र वाचणाऱ्यास लागतो. आणि अति सामीप्याचा दोष उपग्रहास कधींच लागावयाचा नाहीं. तो आम्हां घरच्या माणसांस लागतो, कीं स्वतःच्या बांधापलीकडे तालुका केवढा आहे हें आम्हांस दिसत नाहीं.

राहिला तो समान वस्तूंत मिसळण्याचा दोष, आणि आमचा कांदा बुडाला तो याच दोषांत. हें सर्व वाचून झाल्यावर पुतण्यानें दुसरा अर्ज केला. त्यांत तक्रार मुळींच नव्हती. चार प्रश्न होते. चित्राची चौकट किती मीटरांची? चित्र कोणत्या रंगपट्ट्यांतील? त्यांत छटांचा फरक किती झाला म्हणजे नुकसान धरितात? आणि चित्राची तारीख कोणती? महिन्याभरानें उत्तर आलें. रंग व छटा यांविषयीं त्यांत खुलासा नव्हता. बाकीच्या दोन प्रश्नांचीं उत्तरें होतीं. चौकट ५६ मीटरांची होती. म्हणजे एकतीस गुंठ्यांच्या एका आंकड्यांत आमचे बारा गुंठे कांदा व एकोणीस गुंठे रिकामें रान एकत्र झालें होतें. तेंहि शेत एकाच चौकटींत नीट बसलें असेल तर. बहुधा तें दोन-तीन चौकटींत वांटलें गेलें असेल. आणि तारीख? गारपिटीनंतर आभाळ असल्यामुळें तिच्या चार दिवस आधींचेंच चित्र पाहिलें गेलें होतें! पुढें अधिकारी स्वतः शेतावर आले, पंचनामा झाला, व कांहीं रक्कम पदरांत पडली. ती फार मोठी नव्हती. परंतु वडील बंधूंचा शब्द खरा ठरला, याचें घरांत सर्वांस समाधान वाटलें. तरुण मंडळीस तर सर्वांत अधिक.

या ठिकाणीं आणखी एक शास्त्रार्थ सांगून लेख संपवितों. भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदान्ती हे अनुपलब्धि, म्हणजे वस्तु न दिसणें, हेंहि एक प्रमाण मानितात. न दिसण्यावरून वस्तु नाहीं असें ठरवितां येतें. परंतु त्यास त्यांनीं एक अट घातली आहे. ती वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, अशी योग्यता पाहिजे. उजेडांत जमिनीवर घट दिसला नाहीं तर घट नाहीं असें खुशाल म्हणावें. अंधारांत दिसला नाहीं तर तसें म्हणतां येत नाहीं. उपग्रहाच्या प्रत्येक चित्रास हीच अट लावावी. चौकट योग्य, रंग योग्य, छटा योग्य, तारीख योग्य, आणि तरीहि दिसलें नाहीं, तर मात्र आपला हट्ट सोडावा व चित्राचें म्हणणें मान्य करावें. या चारांपैकीं एकहि उणें असेल, तर चित्राचें मौन म्हणजे नकार नव्हे.

उपग्रहांनीं आपल्यावर केलेले उपकार थोडे नाहींत. वादळाची आगाऊ सूचना, दुष्काळाचा अंदाज, धरणांतील पाण्याचा हिशेब, हें सर्व त्यांच्यामुळें सुलभ झालें आहे. पुढें चौकटी आणखी लहान होतील, फेऱ्या आणखी जवळ येतील. परंतु साक्षीदार कितीहि सज्जन असला तरी तो कोठें उभा होता, केव्हां उभा होता व त्याच्या आणि घटनेच्या मध्यें काय होतें, हें विचारण्याचें काम न्यायाधीशाचेंच आहे. तें काम आपल्या घरांतील मुलांमुलींनीं शिकून ठेवावें. पुढच्या खेपेस कोणी “उपग्रहांत दिसत नाहीं” असें सांगितलें, तर न रागावतां व न घाबरतां ते चार प्रश्न विचारावेत.